पंप चालू, ओलावा जागेवर
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या टपालात व्हॅक्यूमचे प्रश्न इतके आले की सगळी जागा त्यांनाच द्यावी लागली. चोपड्याच्या फ्रीझरपासून नंदुरबारच्या तिखटापर्यंत बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसते: पंप पाणी ओढून घेतो. उसाच्या रसात नळी घालून ओढावं तसं. पंप पाण्याला हात लावत नाही. तो पाण्यावरची हवा काढतो. पाणी वाफ होऊन निघतं ते स्वतःच्या तापमानाच्या जोरावर आणि त्या वाफेला बाहेर पडायला वाट असेल तेवढंच. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

चोपडा येथील एक फ्रीझर दुरुस्ती करणारे वाचक: आइसक्रीमच्या दुकानातला डीप फ्रीझर, आर-१३४ए गॅसचा. कॉम्प्रेसर बदलला, नवा ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) लावला, पाऊण तास व्हॅक्यूम केला. गेजचा काटा तळाला टेकला होता. गॅस भरल्यावर दोन दिवस चांगला चालला, मग कूलिंग बंद. कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांत, शिरते तिथे गरम फडकं धरलं की फुस्स आवाज होऊन पुन्हा सुरू. ओलावा राहिला हे कळतं, पण व्हॅक्यूम पूर्ण झालेला असताना राहिला कसा?

निदान बरोबर आहे, ते कॅपिलरीच्या तोंडाशी गोठणारं पाणीच. पण व्हॅक्यूम पूर्ण झालेला नव्हता. चार्जिंगच्या गेजवर एक इंच म्हणजे पाऱ्याचे २५.४ मिलिमीटर, म्हणजे २५,४०० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे इथे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग, आकडा जितका लहान तितकी पोकळी खोल. आपल्याला गाठायचे असतात ५०० मायक्रॉन, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग. काट्याची जाडीच त्याहून जास्त असते. तो गेज दाब दाखवण्यासाठी आहे, कोरडेपणा दाखवण्यासाठी नाही. या कामाला वेगळा मायक्रॉन गेज लागतो आणि तो पंपाजवळ न लावता पंपापासून सर्वांत दूरच्या टोकाला लावायचा.

आता आत काय घडतं ते पाहा. बाहेरच्या हवेचा दाब हजारेक मिलीबार असतो. ३० अंशांचं पाणी ४२ मिलीबारला, म्हणजे सुमारे ३१,८०० मायक्रॉनला उकळू लागतं. तुमचा गेज बाहेरच्या हवेपासून खाली मोजतो, त्यावर ती जागा साधारण २८ इंचांची. म्हणजे काटा तळाशी पोचण्याआधीच पाणी उकळायला लागलेलं असतं. इथेच फसगत होते, कारण उकळायला लागणं वेगळं आणि संपणं वेगळं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० जूल उष्णता लागते. पंप ती देत नाही, म्हणून पाणी ती स्वतःच्या अंगातून काढतं आणि गार होत जातं. नळीतून उष्णता मिळाली नाही, तर ३० अंशांच्या पाण्यातला जेमतेम सहावा हिस्सा उडून जातो आणि उरलेल्या पाच हिश्श्यांचा बर्फ होतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी १८१० मध्ये वाफ शोषणाऱ्या आम्लाच्या मदतीने पोकळीत असाच बर्फ करून दाखवला होता. डीप फ्रीझरची नळी फोममध्ये गाडलेली असते, बाहेरची ऊब तिला मिळतच नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि काम तेव्हा आणखी अवघड होतं. उणे २० अंशांच्या बर्फाचा वाफदाब फक्त १ मिलीबार असतो. बर्फ झाला की पंप रात्रभर चालवला तरी ओलावा मुंगीच्या पावलाने निघतो.

दुसरी अडचण घनतेची. दाब जितका खाली, तितकी वाफ पातळ आणि तितकी जागा जास्त. ३० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ ४२ मिलीबारला ३३ लिटर भरते, १ मिलीबारला १,४०० लिटर आणि ५०० मायक्रॉनला २,१०० लिटर. पाण्याचा एकच थेंब, वजनाने एक ग्रॅमचा विसावा भाग, ५०० मायक्रॉनला शंभर लिटरच्या वर फुगतो. हे सगळं तुमच्या होज पाइपमधून जायला हवं. पंपावर ६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १७० लिटर, असं लिहिलेलं असतं. पण दीड मीटर लांबीचा, आतून ५ मिलिमीटरचा होज सरासरी १ मिलीबार दाबाला मिनिटाला चारेक लिटर हवाच पुढे सोडतो. तोच होज आतून १० मिलिमीटरचा असेल तर पन्नासच्या वर. व्यास दुप्पट झाला की वाट सोळापट मोकळी होते. त्यामुळे मोठा पंप घेण्याआधी जाड आणि आखूड होज घ्या आणि व्हॉल्व्हमधली श्रेडर पिन काढण्याचं हत्यार घ्या. ती पिन म्हणजे वाटेतला बूच आहे.

कॅपिलरीच्या सिस्टिममध्ये आणखी एक चूक सर्रास होते. व्हॅक्यूम फक्त कॉम्प्रेसरच्या प्रोसेस ट्यूबवरून (गॅस भरण्याच्या नळीवरून), म्हणजे लो साइडने, कमी दाबाच्या बाजूने केला जातो. मग कंडेन्सर आणि ड्रायरमधली वाफ ०.८ मिलिमीटरच्या, दोन-तीन मीटर लांब कॅपिलरीतून बाहेर यायची. ५ मिलिमीटरच्या नळीच्या तुलनेत ती वाट दीड हजार पटींनी अरुंद आहे. तिथून वाफ पाऊण तासात येणं शक्य नाही. दोन तोंडांचा ड्रायर बसवा, दुसऱ्या तोंडाला प्रोसेस ट्यूब लावा आणि दोन्ही बाजूंनी एकदम ओढा.

कामाचा क्रम असा ठेवा. ब्रेझिंग (धातू वितळवून सांधे जोडणं) झाल्यावर कोरडा नायट्रोजन १० बारच्या आसपास भरून साबणाच्या फेसाने सगळे सांधे तपासा. नेमप्लेटवरच्या दाबाच्या वर जाऊ नका आणि रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडू नका. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन तर चुकूनही नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. नायट्रोजन बाहेर सोडून पहिला व्हॅक्यूम १,५०० ते २,००० मायक्रॉनपर्यंत करा. मग आत नायट्रोजन भरून दाब गेजच्या शून्याच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या, किंचित वर आणा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. २,००० मायक्रॉनवरून वातावरणाच्या दाबापर्यंत आल्यावर आत उरलेली वाफ ३८० पट विरळ होते आणि दाट वायू नळीची ऊबही सगळीकडे पोचवतो. दुसऱ्यांदा १,००० पर्यंत ओढा, पुन्हा नायट्रोजन. तिसऱ्यांदा ५०० किंवा खाली. या सगळ्या वेळात फ्रीझरच्या आत शंभर वॅटचा बल्ब लावून झाकण बंद ठेवा आणि कॉम्प्रेसरच्या बुडाला गरम पाण्याची पिशवी किंवा हेअर ड्रायर. चाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब पुरे. ब्रेझिंगचा टॉर्च लावू नका. आर-६००ए किंवा आर-२९० चा फ्रीझर असेल तर गॅस मोकळ्या हवेत पूर्ण काढून, नायट्रोजनने धुऊन झाल्याशिवाय जवळपास ठिणगी उडेल असं काही नको. हा गॅस पेट घेतो.

शेवटी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं गेज पाहा. आकडा थोडा चढून हजाराच्या आत थांबला तर गॅस भरा. चढत-चढत थांबतच नसेल तर गळती आहे. झरझर चढून एका जागी अडला तर आत पाणी आहे. कुठे अडला त्यावरून त्या पाण्याची स्थितीही कळते. ४,६०० च्या आसपास अडला तर कुठेतरी शून्य अंशांचं बर्फ-पाणी बसलंय. साडेसातशे-आठशेला अडला तर तो आकडा वरवर चांगला दिसतो, पण उणे २० अंशांचा बर्फही तेवढाच दाब देतो. फ्रीझर उबदार करून तीच चाचणी पुन्हा घ्या. बर्फ असेल तर आकडा उडी मारेल.

दोन गोष्टी राहिल्या. आर-१३४ए बरोबर येणारं पीओई तेल हवेतला ओलावा पटकन धरतं आणि व्हॅक्यूमने तो नीट सुटत नाही. म्हणून तेलाचा डबा आणि नव्या कॉम्प्रेसरची रबरी बुचं शेवटच्या क्षणापर्यंत उघडायची नाहीत. ड्रायरचंही तसंच. आणि व्हॅक्यूम चालू असताना कॉम्प्रेसर कधीही सुरू करू नका. वायू विरळ झाला की त्याची वीज अडवण्याची ताकद घटते. ठरावीक विरळपणाला हवा सुमारे ३२७ व्होल्टलाच ठिणगीला वाट देते आणि आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनचं शिखर ३२५ च्या घरात असतं. कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग (तारांचं वेटोळं) जळतं ते तिथे. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून व्हॅक्यूम करण्याची पद्धत अजून गावोगाव चालते. त्याने काटा खाली येतो, पण ५०० मायक्रॉन येत नाहीत. ती पद्धत सोडायला हवी.

तोरणमाळहून एका वाचकाचा छोटा प्रश्न: आमच्याकडे कुठलाही पंप लावला तरी गेज २६ इंचांच्या पुढे जात नाही. जळगावात तोच पंप २९ दाखवतो. पंप खराब आहे का?

पंपाचा दोष नाही. असा गेज बाहेरच्या हवेपासून खाली मोजतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तिथे हवेचा दाब साधारण ९८८ मिलीबार, म्हणजे २९.२ इंच. तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास, तिथे ८८२ मिलीबार, म्हणजे २६ इंच. २६ ला काटा पोचला म्हणजे आत जवळपास काही उरलं नाही. जळगावातही ३० कधीच दिसणार नाही, दिसलेच तर गेजचं शून्य चुकलंय. ही कटकट नको असेल तर निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण पोकळीपासून मोजलेला दाब, दाखवणारा गेज घ्यावा.

यावल येथून: आमच्या व्हॅक्यूम पंपाचं तेल पावसाळ्यात आठवड्यातच ताकासारखं पांढरं होतं. कंपनीचंच तेल घालतो. पंपावर एक छोटी चकती आहे, ती फिरवल्यावर आवाज वाढतो म्हणून बंद ठेवतो.

ती चकती म्हणजे गॅस बॅलास्ट. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीच आहे. पंपाच्या पोटात आलेली वाफ बाहेर जाण्याआधी दाबली जाते, कारण बाहेरची झडप आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या किंचित वर गेल्यावरच उघडते. पंप तापून ७० अंश झाला तरी त्या तापमानाला वाफ जास्तीत जास्त ३१२ मिलीबारपर्यंतच वाफ म्हणून राहते. त्यापुढे दाबली की तिचं पाणी होतं. झडप उघडायच्या आधीच ती तेलात विरघळल्यासारखी मिसळून जाते. चकती उघडली की दाबण्याच्या टप्प्यात थोडी बाहेरची हवा आत येते. उरलेला दाब ती हवा भरून काढते, झडप लवकर उघडते आणि वाफ वाफ असतानाच बाहेर पडते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यांनी १९३५ मध्ये काढलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे.

कामाला लागण्याआधी पंपाचं तोंड बंद ठेवून, चकती उघडून पंप पंधरा-वीस मिनिटं चालवा. गार पंप म्हणजे लगेच पाणी. ओल्या कामाचा पहिला टप्पा चकती उघडीच ठेवून करा, खोल व्हॅक्यूम हवा तेव्हा बंद करा, आणि काम संपल्यावर पुन्हा उघडून अर्धा तास मोकळा चालवा. आवाज वाढतो तो दोष नाही. तेल मात्र एकदा पूर्ण पांढरं झालं की ते निवळण्याची वाट बघू नका. त्या तेलातलं पाणी ३० अंशांना स्वतःच ४२ मिलीबारची वाफ सोडतं, मग पंप आपल्याच पोटातली वाफ उपसत बसतो. गरम असतानाच तेल काढा, नवं घालून दहा मिनिटं चालवा, तेही काढा आणि मग शेवटचं भरा. दोनदा तेल घालणं महाग वाटतं, पण गंजलेला रोटर त्याहून महाग पडतो.

रावेर येथील केळी चिप्सचे एक उत्पादक: १० किलो चकत्यांची व्हॅक्यूम फ्राइंगची कढई आहे, वॉटर रिंग पंप. डिसेंबरात ४० मिलीबार सहज येतात, मे महिन्यात ९० च्या खाली जात नाही. माल तपकिरी आणि तेलकट होतो. पंपवाला नवा इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) घालायला सांगतो.

इम्पेलर उघडण्याआधी पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरा. वॉटर रिंग पंपात पाण्याचं कडंच पिस्टनचं काम करतं. त्या पाण्याच्या वाफदाबाखाली पंप जाऊ शकत नाही, कारण त्याखाली ते कडंच उकळतं. २५ अंशांना हा दाब ३२ मिलीबार, ३० ला ४२, ३५ ला ५६, ४० ला ७४, ४४ ला ९१. या पंपांचे तक्ते १५ अंशांच्या पाण्यावर दिलेले असतात, त्यात ३३ मिलीबार हा तळ असतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ४० अंशांना जातं, पंपातून जाताना आणखी चार-पाच अंश चढतं. तुमचे ९० तिथून आले. पंप शास्त्राप्रमाणेच वागतोय. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र घाई करा. ते उकळून फुटणारे बुडबुडे आहेत, ते इम्पेलरचं आणि पोर्ट प्लेटचं अंग खातात. आज इम्पेलर बदलला आणि पाणी तेच गरम राहिलं, तर पुढच्या मे महिन्यात तोही खाल्लेला निघेल.

पाणी गार करायला खानदेशचा उन्हाळा अडचण वाटतो तसाच मदतीलाही येतो. मे महिन्यात दुपारी ४३ अंश असले तरी हवा कोरडी असते, ओल्या बल्बचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) २३-२४ अंशांच्या आसपास राहतं. सावलीतला साधा कूलिंग टॉवर त्या हवेत २७-२८ अंशांचं पाणी देऊ शकतो. खरी कसोटी जुलै-ऑगस्टची, तेव्हा हवा गार वाटते पण दमट असते आणि टॉवर मे महिन्याइतकं पाणी गार करत नाही. ४० मिलीबारच्या खाली बाराही महिने जायचं असेल तर छोटा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) हवा. बोअरचं पाणी कठीण असेल तर सॉफ्टनर लावा, नाहीतर क्षार बसून पंपातल्या फटी बुजतात.

त्याहून मोठी सुधारणा म्हणजे पंपाच्या आधी कंडेन्सर. हिशेब करू. सोललेल्या केळीत पाऊण हिस्सा पाणी. १० किलो चकत्यांत घन भाग अडीच किलो, ३ टक्के ओलाव्याचा माल निघतो २.६ किलोच्या आसपास. म्हणजे ७.४ किलो पाणी वाफ होऊन जातं. ५० मिलीबारला ६० अंशांची एक किलो वाफ तीस घनमीटर जागा घेते, म्हणजे एका घाण्यात सव्वादोनशे घनमीटरच्या आसपास वाफ. तीही सारखी निघत नाही, टोपली तेलात गेल्यावर सुरुवातीच्या मिनिटांत लोंढा येतो. पंपाने एवढं पोटात घ्यावं ही अपेक्षा चुकीची आहे. गार नळ्यांवर तीच वाफ पाणी होऊन हजारो पट लहान होते आणि पंपाला फक्त गळतीची हवा काढायला उरते. घाणा तासाभराचा धरला तर कंडेन्सरने काढायची उष्णता सरासरी पाच किलोवॅट, पाणी पाच अंश तापू दिलं तर तासाला ८५० लिटर. सुरुवातीच्या लोंढ्यासाठी याच्या दुपटीची तयारी ठेवा. कंडेन्सरमधलं पाणी ३५ अंशांचं असेल तर ५६ मिलीबारच्या खाली त्यावर वाफ जमणारच नाही. इथेही तापमानच मालक.

रंगाबद्दल. ४० मिलीबारला चकतीतलं पाणी २९ अंशांना उकळतं, ९० ला ४४ अंशांना. या पंधरा अंशांनी केळं तपकिरी होत नाही. तेल आणि उकळणारं पाणी यांच्या तापमानातला फरक कमी झाल्याने वाळायला वेळ लागतो, मग कारागीर तेल ११० वरून १३० ला नेतो आणि शेवटी कोरडी झालेली चकती त्या तेलाच्या तापमानाला पोचते. रंग तिथे जातो. तेलाचं तापमान वाढवू नका, टोपलीतला माल कमी करा.

तेलकटपणा मुख्यतः शेवटच्या मिनिटात येतो. टोपली तेलातून वर घेतल्यावर व्हॅक्यूम तसाच ठेवून ती फिरवून तेल झटकायचं, मग हळूहळू हवा सोडायची. आधी हवा सोडली तर चकतीच्या छिद्रांतली वाफ क्षणात पाणी होते आणि बाहेरचा दाब वरचं तेल त्या रिकाम्या जागेत ढकलतो. नंतर कितीही फिरवलं तरी ते निघत नाही.

फैजपूरहून: केळी पावडरसाठी व्हॅक्यूम कपाट बनवून घेतलं. ट्रे वरचे कोरडे, खालचे ओले. आत पंखा लावला तरी फरक नाही.

पंखा काढून टाका. ५० मिलीबारला आतल्या हवेची घनता बाहेरच्या विसाव्या भागाएवढी असते. पंखा तेवढेच घनमीटर हलवतो, पण त्यातून जाणारी उष्णता विसावा हिस्सा. गरम हवा वर चढून फिरते ती क्रियाही घनतेवरच चालते, म्हणून तीही मरते. व्हॅक्यूममध्ये ट्रेला उष्णता द्यायची ती खालच्या तापलेल्या फळीने, अंगाला अंग लावून. फळीत गरम पाणी फिरवा, ट्रेचं बूड सपाट ठेवा. वाकलेल्या ट्रेखाली राहिलेली एक-दोन मिलिमीटरची फट बघायला क्षुल्लक, पण तिने वाळण्याचा वेळ कितीतरी लांबतो. गर ५ ते ८ मिलिमीटरच्या वर पसरू नका, वरचा थर साय धरून आतली वाफ कोंडतो. वाफेची नळी एकाच टोकाला असेल तर तीही वर-खालचा फरक वाढवते, मधोमध घ्या.

धुळ्याहून एक विज्ञान विद्यार्थिनी: दमट हवा जड असते ना? मग पोकळी करताना वाफ खाली साठते का? आणि थर्मासच्या भिंतींमधली हवा थोडी विरळ केली तरी उष्णता अडते का?

दमट हवा हलकी असते. पाण्याच्या रेणूचा भार १८, हवेचा सरासरी २९. ३० अंशांना कोरडी हवा घनमीटरला १,१६४ ग्रॅम भरते, वाफेने पूर्ण भरलेली १,१४६. घाम वाळत नाही म्हणून ती आपल्याला जड वाटते.

पोकळीत थर लागणं तर आणखी अवघड. वायूंचं एकमेकांत मिसळणं दाबाच्या उलट प्रमाणात वाढतं. १० मिलीबारला वाफ हवेत शंभरपट वेगाने पसरते. आणि एक गोष्ट नक्की करून पाहा, निदान कागदावर. ३० अंशांच्या, निम्म्या आर्द्रतेच्या हवेत २१ मिलीबार वाफ असते. भांडं कोरडं असेल आणि दाब निम्मा केला तर वाफही निम्मी होते, आर्द्रता २५ टक्के. पण भांड्यात पाण्याचा थेंब असेल तर हवा कमी होत जाते आणि वाफ ४२ वर ठाम राहते. साध्या दाबाला ती ४ टक्के होती, ४२ मिलीबारला शंभर टक्के होते. पंप तेव्हा हवा काढतच नसतो, निव्वळ वाफ काढत असतो.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर, थर्मासबद्दल: नुसती हवा विरळ केल्याने स्थिर हवेची (पंख्याने फिरणाऱ्या नव्हे) उष्णता वाहण्याची क्षमता कमी होत नाही. रेणू कमी झाले तरी प्रत्येक रेणू तेवढ्याच प्रमाणात लांब धावतो. विरळ हवेचा चिकटपणाही याच कारणाने बदलत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्येच हिशेबाने मांडलं होतं. १ मिलीबारला रेणूची धाव ०.०७ मिलिमीटर, हजारांश मिलीबारला सात सेंटिमीटर. धाव थर्मासच्या दोन भिंतींमधल्या फटीहून मोठी झाली की मगच उष्णतेची वाहतूक घटते.

नंदुरबारहून: लाल तिखट व्हॅक्यूम पॅक करतो. महिन्याभरात विटेसारखं घट्ट होतं. व्हॅक्यूममध्ये ओलावा निघून जायला हवा ना?

जात नाही. मशीन पंचवीस सेकंद ओढतं. तासाला २० घनमीटरचा पंप तेवढ्यात सुमारे १४० लिटर वायू काढतो. १० मिलीबारला त्यात सगळी वाफच आहे असं धरलं, तरी ती एक ग्रॅम पाण्याएवढी. १२ टक्के ओलाव्याच्या अर्धा किलो तिखटात पाणी ६० ग्रॅम. व्हॅक्यूम इथे हवा काढतो, रंग आणि वास टिकवतो. वाळवण्याचं काम मिरची दळण्याआधी पथारीवरच व्हायला हवं, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणून.

वीट होण्याचं पहिलं कारण दाब. पिशवीवर बाहेरची हवा चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो भार टाकते, महिनाभर. पावडर दाबून बसणारच. ती हाताने चुरली आणि मोकळी झाली तर माल चांगला आहे. पूर्ण ओढण्याऐवजी थोडं कमी ओढून नायट्रोजन भरून सील केलं तर हा प्रश्न मिटतो. चुरूनही गोळे राहत असतील तर ओलावा आहे. बहुधा चक्कीतून निघालेलं गरम तिखट तसंच भरलं जातं, मग रात्री पिशवी गार होते आणि आतल्या बाजूला दव धरतं. परातीत पसरून, झाकून, पूर्ण गार झाल्यावर भरा. साधी पातळ पॉलिथिनची पिशवी चालणार नाही, ती हवेतला प्राणवायू आत येऊ देते. नायलॉनचा थर असलेली किंवा मेटलाइज्ड लॅमिनेटची घ्या. भरताना पावडर उडून सीलच्या पट्टीवर बसते, तिथून गळती होते. पंपाचा वेग कमी करा आणि सील करण्याआधी तोंड आतून पुसा.

जळगावहून एका गृहिणीचं पत्र: हिवाळ्यात भरीत करून व्हॅक्यूम पिशवीत पुण्याला मुलाकडे पाठवते. बाहेर किती दिवस टिकेल?

बाहेर अजिबात ठेवू नका. हे उत्तर आम्ही मुद्दाम ठळकपणे देत आहोत. भरतात पाणी भरपूर, आंबटपणा कमी आणि पिशवीत हवा नाही. बोट्युलिझमचा जिवाणू नेमका अशाच जागी वाढतो. वांगं भाजताना किंवा भरीत परतताना त्याची बीजं मरत नाहीत आणि त्याचं विष वास किंवा चव न बदलता तयार होऊ शकतं. उघड्या डब्यातलं भरीत आंबलं की नाकाला कळतं, बंद पिशवीतलं कळेलच असं नाही. गरम भरीत पसरट भांड्यात लवकर गार करा, पिशवीत पातळ थर करून भरा, डीप फ्रीझरमध्ये दगडासारखं गोठवा आणि बर्फाच्या पेटीतूनच पाठवा. पोचल्यावर थेट फ्रीझरमध्ये. खायच्या आदल्या रात्री पिशवीचं तोंड कापून फ्रिजमध्ये वितळू द्यावं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण गरम करून संपवावं. वाटेत वितळून कोमट झालेली किंवा फुगलेली पिशवी चाखूनही पाहू नये, फेकावी. कळण्याच्या भाकरीचं पीठ सोबत पाठवायचं असेल तर ते कोरडं आहे, साध्या डब्यातही चालेल.